चवथीच्या तोंडावर बंद पडणारा संगणक: मांद्रे येथील एका डीटीपी केंद्राचे प्रकरण

पार्श्वभूमी आणि तक्रार

पेडणे तालुक्यातील मांद्रे येथे रस्त्यालगत एक छोटे डीटीपी केंद्र आहे. लग्नपत्रिका, जत्रेतल्या नाटकांची हस्तपत्रके, भजनी मंडळांच्या आरत्यांच्या पुस्तिका आणि शाळांच्या प्रश्नपत्रिका अशी कामे तेथे होतात. जोडीला एक झेरॉक्स यंत्र आणि कागद कापण्याचे हातयंत्र आहे. केंद्र चालवणाऱ्या ताईंचा सारा व्यवहार २०१५ मध्ये सुटे भाग आणून जोडून घेतलेल्या एकाच डेस्कटॉपवर चालतो. ऑगस्ट २०२५ च्या पहिल्या आठवड्यात त्यांचा म्हापशाला माझ्या संगणक दुरुस्तीच्या दुकानात फोन आला, तेव्हा चवथीला (गणेश चतुर्थीला) जेमतेम तीन आठवडे उरले होते आणि संगणक दिवसातून चार-पाच वेळा आपोआप बंद पडत होता.

ताईंनी तक्रार नेमक्या शब्दांत मांडली, आणि त्यामुळे निदानाचे निम्मे काम फोनवरच झाले. श्रीलिपी या अक्षरजुळणीच्या प्रोग्राममध्ये मजकूर टाइप करताना काहीच बिघडत नसे. कोरल ड्रॉमध्ये एखादी पत्रिका उघडून ठेवली तरी संगणक तासभर टिकत असे. पण छापखान्यासाठी चाळीस पानांच्या पुस्तिकेची पीडीएफ करायला घेतली की दहा-पंधरा मिनिटांत सगळे बंद. "भाऊ, पंखा इतका ओरडतो की शेजारच्या दुकानदाराने गिरण घातली का म्हणून विचारले," असे त्या म्हणाल्या. बंद पडल्यावर लगेच बटण दाबले तर संगणक सुरू होऊन दोन मिनिटांत पुन्हा बंद होई, आणि चहा पिऊन परत आल्यावर मात्र निमूट चालू होई.

याआधी दुसऱ्या एका तंत्रज्ञाने यूपीएसची बॅटरी बदलून दिली होती. पावसाळ्यात पेडण्याच्या बाजूला वीज वारंवार जाते हे खरे असल्याने त्याचा संशय अगदीच निराधार होता असे म्हणता येणार नाही. पण त्याने एक साधा प्रश्न विचारला असता तर बॅटरीचे पैसे वाचले असते. संगणक बंद पडतो तेव्हा मॉनिटरचा दिवा चालू राहतो का? ताईंच्या केंद्रात मॉनिटर आणि संगणकाची पेटी दोन्ही एकाच यूपीएसवर होती. पेटी बंद पडल्यावर पडद्यावर 'सिग्नल नाही' अशी पाटी फिरत असे, म्हणजे मॉनिटरला वीज मिळत होती. यूपीएस दोषी असता तर दोघेही एकदम गेले असते.

निदान

लोक ज्याला सर्रास 'सीपीयू' म्हणतात ती पेटी, म्हणजे कॅबिनेट, टेबलाखाली जमिनीवर ठेवलेली होती. तिच्यावर नक्षीकाम केलेले कापडी झाकण होते आणि संगणक चालू असतानाही ते काढले जात नव्हते. खोलीत एसी होता, त्याचे तापमान २४ अंशांवर ठेवलेले होते. दुकानाचे दार मात्र दिवसभर उघडबंद होत होते आणि दारापुढचे अंगण तांबड्या मातीचे होते. देव्हारा पेटीच्या बरोबर वर, भिंतीवर होता. सकाळ-संध्याकाळ तेथे अगरबत्ती लावली जाई.

सर्वप्रथम विंडोजची घटना-नोंद पाहिली. तीत 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद ओळीने पडलेली होती. ही नोंद एवढेच सांगते की संगणक रीतसर बंद न होता बंद झाला. कारण सांगत नाही. अनेकजण तिलाच कारण समजून पॉवर सप्लाय बदलतात. म्हणून संगणक पुन्हा सुरू करून बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मूळ पडद्यावर, तापमान पाहिले. कोणतेही काम चालू नसताना प्रोसेसर (संगणकाची मुख्य चिप) ७८ अंश सेल्सिअस दाखवत होता आणि प्रोसेसरचा पंखा मिनिटाला जवळजवळ २,६०० फेऱ्या घेत होता. एसीच्या खोलीत, रिकाम्या बसलेल्या चौथ्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरला हे तापमान शोभत नाही. पुढे विंडोजमध्ये तापमान दाखवणारा छोटा प्रोग्राम चालू ठेवून तीच चाळीस पानांची पीडीएफ करायला लावली. नऊ मिनिटांत आकडा १०० वर गेला, काम रेंगाळू लागले आणि काही मिनिटांनी पेटी बंद पडली.

यातले मधले रेंगाळणे महत्त्वाचे आहे. तापमान मर्यादेला भिडले की प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो, उष्णता कमी निर्माण व्हावी म्हणून. तेवढ्यानेही भागले नाही तरच तो स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. बंद पडण्याच्या आधी काही दिवस किंवा काही आठवडे संगणक 'मंद झाला' अशी तक्रार बहुतेक वेळा झालेली असते. ताईंनाही ते आठवले. जुलैपासून फाइल सेव्ह व्हायला वेळ लागत होता आणि त्यांनी तो दोष अँटिव्हायरसला दिला होता.

पंखा पूर्ण वेगाने फिरतो आहे आणि तरीही तापमान उतरत नाही, याचे दोनच सरळ अर्थ होतात: पंख्याची हवा उष्णताशोषकाच्या (प्रोसेसरवर बसवलेल्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांमधून जात नाही, किंवा प्रोसेसरची उष्णता त्या पात्यांपर्यंत पोहोचतच नाही. पहिल्याचे कारण धूळ; दुसऱ्याचे कारण वाळलेली थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि शोषक यांच्यामधले उष्णता वाहून नेणारे मलम) किंवा सैल बसलेला शोषक. दोन्ही एकाच वेळी असू शकतात, आणि येथे तसेच निघाले.

जूनमधली साफसफाई

पेटी उघडण्यापूर्वी ती याआधी कधी साफ केली होती का, असे विचारले. ताईंच्या भाच्याने थोडे चाचरत सांगितले की जूनच्या अखेरीस त्याने ती स्कूटरवरून जवळच्या एका पंक्चरच्या दुकानात नेली होती आणि टायरमध्ये हवा भरायच्या नळीने आतून 'मस्त साफ' करून आणली होती. हवेचा झोत लागताच पंखे शिट्टी वाजल्यासारखे फिरत होते आणि लाल धुरळ्याचा लोट उठला होता. घरी आणून लावल्यावर संगणक छान चालला. पंधरा दिवसांनी कुरबुर सुरू झाली.

हा या प्रकरणाचा गाभा असल्याने येथे थोडे थांबतो. टायरच्या दुकानातील कंप्रेसरच्या टाकीत १०० पीएसआयहून अधिक दाब असतो. हवा दाबली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होते आणि ते टाकीच्या तळाशी साचते. म्हणूनच टाकीला खाली पाणी सोडायचा कॉक दिलेला असतो. कोरड्या प्रदेशात हे पाणी थोडे असते. गोव्यात जूनअखेर हवा आधीच पाण्याने जड झालेली असते, आणि कॉक रोज उघडला जात नसेल तर नळीतून हवेबरोबर पाण्याचे तुषार आणि कंप्रेसरचे तेल बाहेर येते. टायरला त्याचे काही वाटत नाही. मदरबोर्डला वाटते.

दुसरी गोष्ट, झोताने धूळ उडते, पण ती कुठे जाते हे झोत मारणाऱ्याच्या हातात नसते. जी धूळ मोकळी होती ती बाहेर गेली, तीच भाच्याने पाहिली. जी उरली ती पात्यांच्या अरुंद फटींत, रॅमच्या खाचांत आणि पॉवर सप्लायच्या पोटात ढकलली गेली, आणि तुषारांनी तिचा चिखल केला. पेटीचे झाकण काढल्यावर हा चिखल वाळून कसा झाला होता ते दिसले. प्रोसेसरचा पंखा आणि त्याखालची ॲल्युमिनियमची पाती यांच्यामध्ये एक थर बसलेला होता. वरच्या बाजूने तो करडा, मऊ, जाजमाच्या तुकड्यासारखा होता. त्यात कागद कापताना उडणारे बारीक तंतू स्पष्ट दिसत होते. खालच्या बाजूने, जिथे तो पात्यांना चिकटला होता, तिथे मात्र तो तांबूस आणि टणक, अगदी भिंतीच्या गिलाव्यासारखा. नखाने टोकरले तर खपली निघत होती. चिमट्याने पंख्याच्या पात्यांमधून तो थर हळूहळू ओढून काढला तेव्हा त्याच्यावर खालच्या धातूच्या पात्यांचे ठसे गोल उमटलेले होते.

धूळ तांबडी दिसली की तिच्यात लोखंड आहे आणि लोखंडामुळे शॉर्ट होते, असे आपल्याकडे बोलले जाते. डिचोली-साखळीकडे तर खाणीमुळे ही समजूत फारच पक्की आहे. चिऱ्याच्या मातीचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडमुळे असतो हे बरोबर, पण ते गंजलेल्या रूपातले लोखंड कोरडे असताना तारेसारखी वीज वाहून नेत नाही. मांद्र्यासारख्या किनाऱ्यालगतच्या गावात खरी अडचण मिठाची आहे. समुद्राच्या वाऱ्याबरोबर मिठाचे सूक्ष्म कण आत येतात आणि धुळीत मिसळतात. साधे मीठ सुमारे ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या वर हवेतले पाणी ओढून स्वतः विरघळू लागते. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या बरणीतल्या मिठाला पाणी सुटते ते यामुळेच. रात्री एसी बंद झाला, दुकान बंद झाले, की हेच पाणी मदरबोर्डवरच्या धुळीला सुटते. खारट ओलावा वीज वाहू देतो आणि तांबे, कथील यांना खातो. ताईंच्या पेटीत रॅमच्या एका खाचेच्या तळाशी हिरवट-पांढरी बुरशीसारखी रेघ दिसली, मागच्या पट्ट्यांच्या स्क्रूंवर गंज होता, आणि बोर्डावर दोन ठिकाणी थेंब वाळून राहिल्याचे गोल डाग होते. हे डाग कंप्रेसरचे, असे मी खात्रीने म्हणेन; पेटीवर छताचे पाणी कधी गळलेले नव्हते.

अगरबत्तीचा धूरही निरुपद्रवी नाही. त्याचा तेलकट राप पंख्याच्या पात्यांवर बसतो आणि त्या रापावर धूळ चिकटते. अशी चिकटलेली धूळ फुंकून निघत नाही, पुसावी लागते.

प्रत्यक्ष काम

काम त्याच दिवशी करायचे की नाही हा पहिला प्रश्न होता. बाहेर पाऊस लागलेला होता. खरे तर अशी साफसफाई मे महिन्यात, मिरगाच्या आधी कोरड्या दिवसांत करावी. परंतु चवथीचे काम थांबणार नव्हते. दुकानात धूळ उडवायची नव्हती, कारण ती झेरॉक्स यंत्रात आणि कागदाच्या गठ्ठ्यांवर बसली असती, म्हणून पेटी मागच्या सोप्यात न्यायचे ठरले. भाच्याने तार काढून पेटी उचललीही. त्याला थांबवावे लागले. खोलीत २४ अंश होते. सोप्यात तापमान २८ अंशांच्या आसपास आणि आर्द्रता ९० टक्क्यांच्या घरात होती. अशा हवेचा दवबिंदू साधारण २६ अंश येतो, म्हणजे २६ अंशांहून थंड असलेल्या कोणत्याही वस्तूवर तिचे पाणी जमते. फ्रिजमधून काढलेल्या तांब्यावर जमते तसेच ते थंड मदरबोर्डवर, आपल्याला न दिसता, जमले असते. म्हणून एसी बंद करून, दार उघडून, पेटीचे झाकण न काढता ती तासभर तशीच ठेवली.

तो तास वाया गेला नाही. ताईंच्या सर्व कामांची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यायची होती. ते फक्त हलके काम असल्याने तार पुन्हा लावून, पेटी बंद करण्यापूर्वीच झाले. मग विंडोजमधून संगणक पूर्ण बंद केला, 'स्लीप' नव्हे. भिंतीवरचे बटण बंद करून पॉवरची तार मागून काढली, कारण बटण चालू असेल आणि तार लागलेली असेल तर बंद संगणकाच्या बोर्डावरही पाच व्होल्टचा राखीव पुरवठा चालूच असतो. तार काढल्यावर पुढचे बटण दहा सेकंद दाबून धरले. बोर्डावरचा छोटा हिरवा दिवा एकदा लुकलुकून विझला, तेव्हा आत उरलेली वीज गेली हे कळले. सर्व तारा जागेवर असतानाचे दोन-तीन फोटो मोबाइलवर काढून ठेवले. दहा वर्षे जुन्या पेटीत पुढच्या बटणांच्या बारीक तारा कुठल्या खुंटीला होत्या ते कोणालाच आठवत नाही.

देव्हाऱ्यातली समई आणि अगरबत्ती सोप्यापासून दूर होती, तरी ती शांत करायला ताईंना सांगितले. पुसण्यासाठी वापरायचा आयसोप्रोपिल अल्कोहोल १२ अंश तापमानालाच पेट घेऊ शकेल इतकी वाफ सोडतो, आणि गोव्यात १२ अंश कधीच नसतात. ९९ टक्क्यांचाच घ्यावा. औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या ७० टक्क्यांच्या बाटलीत उरलेले पाणी असते आणि येथे पाण्याशीच झगडा होता. नाकातोंडाला मास्क लावला. चिऱ्याच्या बारीक धुळीसोबत आत दहा वर्षांचा अगरबत्तीचा काजळ, झुरळांची विष्ठा आणि एका कोपऱ्यात पालीच्या अंड्यांची दोन फुटकी टरफले होती.

स्थिर विजेबद्दल येथे दोन टोकांची मते ऐकू येतात. एक पक्ष मनगटी पट्ट्याशिवाय पेटीला हात लावू नये म्हणतो. दुसरा म्हणतो, गोव्याच्या दमट हवेत स्थिर वीज येतेच कुठून. दमट हवेत ती खूपच कमी साठते हे खरे आहे. परंतु एसी हवा कोरडी करतो, आणि सिंथेटिक साडी, प्लॅस्टिकची खुर्ची असेल तर आपल्या अंगावर भार साठू शकतो. माणसाला झटका जाणवायला साधारण ३,००० व्होल्ट लागतात; नाजूक चिप त्याहून फार कमी व्होल्टला बिघडू शकते, म्हणजे झटका बसला नाही म्हणून काही झाले नाही असे समजता येत नाही. मी चिप्सना हात लावण्यापूर्वी आणि काम करताना अधूनमधून पेटीच्या रंग न दिलेल्या धातूला हात लावतो. एवढे पुरे होते. घरगुती व्हॅक्यूम क्लीनरची प्लॅस्टिकची नळी मात्र बोर्डाला टेकवू नये, कारण धुळीच्या घर्षणाने तिच्या तोंडाशीच भार साठतो.

म्हणून आम्ही दोघांनी मिळून काम केले. मी एक इंचाच्या मऊ, नव्या रंगाच्या ब्रशने धूळ सुटी करत होतो आणि भाचा व्हॅक्यूमची नळी चार बोटे लांब धरून उडालेली धूळ ओढून घेत होता. ब्रशची लोखंडी पट्टी बोर्डाला लागू नये म्हणून तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळलेली होती. फुंकर लागेल तिथे हाताने दाबायचा रबरी फुगा वापरला. तोंडाने फुंकले नाही, कारण तोंडाच्या हवेत थुंकी असते. फुंकर मारायचे हवेचे डबे माझ्याकडे होते, पण त्यांचा उपयोग फक्त रॅमच्या खाचांपुरता केला. डबा तिरपा झाला की आतला द्रव बाहेर येतो आणि जिथे पडेल तिथे गोठवणारा गारवा करतो. दमट हवेत त्या गारव्यावर लगेच पाणी धरते.

हवा मारताना प्रत्येक पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवले. फुकट फिरणारा पंखा पाहायला मजा येते, पण तो त्याच्या नेहमीच्या वेगाच्या कितीतरी पट फिरतो, बेअरिंग खाते, आणि मोटर उलट जनित्रासारखी वागून बोर्डाकडे वीज ढकलू शकते. जूनमधल्या त्या शिट्टीची किंमत मागच्या १२० मिलिमीटरच्या पंख्याने चुकवली होती. बोटाने हलवला तर तो डुगडुगत होता. तो बदलला, आणि नवा लावताना चौकटीवरचा बाण पाहून हवा बाहेर जाईल अशाच दिशेने लावला.

पॉवर सप्लाय मी उघडला नाही, आणि कोणी उघडावा असेही सांगणार नाही. २३० व्होल्टचा पुरवठा आत एकदिश केल्यावर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास जातो, काही रचनांमध्ये चारशेच्या जवळ; तो ज्या धारित्रांत (कॅपॅसिटरांत) साठतो ती तार काढल्यानंतरही लगेच रिकामी होतात याची खात्री नसते. जाळीतून एक अगरबत्तीची काडी आत घालून पंखा अडवला, धातूचे काही आत जाणार नाही याची काळजी घेतली, आणि बाहेरूनच थोड्या अंतरावरून हवा देऊन निघेल तेवढी धूळ काढली. जमिनीवर ठेवलेल्या या पेटीत सप्लाय तळाशी असून त्याचे तोंड खाली होते, म्हणजे दहा वर्षे तो केरसुणीने उडवलेला केर थेट ओढत होता.

येथपर्यंत काम झाल्यावर मुद्दाम थांबून, सगळ्या तारा लावून संगणक सुरू केला आणि तीच पीडीएफ पुन्हा केली. तापमान ८४ अंशांवर स्थिरावले. म्हणजे धुळीच्या थराने किमान सोळा अंशांचा, किंवा बंद पडण्याइतका, भार टाकला होता. पण ८४ हा आकडाही समाधानकारक नव्हता. अनेक दुरुस्त्यांत दोन्ही गोष्टी एकदम केल्या जातात आणि मग नेमके कशाने बरे वाटले ते कळत नाही. येथे ते कळले. संगणक नुकताच चालून गरम होता, पेस्ट थोडी तरी मऊ झालेली असणार होती, तेव्हाच पुन्हा तार काढून शोषक उतरवला. त्याच्या चार खुंट्या बाणाच्या दिशेने पाव फेरी फिरवून वर ओढाव्या लागतात, आणि शोषक सरळ वर न उपटता हलके पिळत सोडवावा लागतो. इंटेलच्या या सॉकेटमध्ये, म्हणजे प्रोसेसर बसवायच्या जागेत, प्रोसेसर कडीखाली अडकलेला असतो. एएमडी कंपनीच्या एएम४ सॉकेटमध्ये तसा नसतो, आणि घाईने उपटला तर प्रोसेसर पेस्टला चिकटून पिनांसकट वर येतो.

पेस्ट खडूसारखी वाळलेली होती आणि एका कोपऱ्यात तर नव्हतीच. जुन्या, धुऊन मऊ झालेल्या मलमलीवर अल्कोहोल घेऊन दोन्ही पृष्ठभाग पुसले, अर्ध्या वाटाण्याएवढी नवी पेस्ट मधोमध ठेवली आणि शोषक बसवताना समोरासमोरच्या खुंट्या जोडीने दाबल्या. चारही खुंट्यांची टोके बोर्डाच्या मागून सारखी बाहेर आली आहेत का, हे टॉर्च लावून पाहिले. एक जरी अर्धवट राहिली तर शोषक तिरका बसतो आणि सगळी मेहनत फुकट जाते.

रॅमच्या पट्ट्यांची सोनेरी टोके खोडरबराने घासायची पद्धत आपल्याकडे सगळीकडे आहे. तिने काम होते, हेही मान्य. पण सोन्याचा मुलामा फार पातळ असतो आणि रबराचा चुरा खाचेत पडतो. कापसाच्या काडीवर अल्कोहोल घेऊन पुसले तर तेच साधते. खाचेतली हिरवट रेघ मऊ टूथब्रश आणि अल्कोहोलने तीन वेळा घासल्यावर गेली. त्यानंतर बोर्ड टेबल फॅनसमोर तासभर ठेवला.

संगणक प्रथम झाकण न लावता सुरू केला आणि सगळे पंखे फिरतात का ते पाहिले. बायोसमध्ये तापमान ४३ अंश, पंखा १,२०० फेऱ्यांवर. पीडीएफ सुरू केली; अर्ध्या तासात आकडा ६७ च्या वर गेला नाही. ताईंनी पेटीला कान लावून पाहिले आणि "बंद नाही ना पडला?" असे विचारले.

नंतरचे तीन महिने

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन आला: संगणक उत्तम चालतो, पण बँकेचे संकेतस्थळ उघडत नाही, सुरक्षिततेचा इशारा येतो. ही चूक माझी होती. मदरबोर्डवरच्या तीन व्होल्टच्या नाणेबॅटरीने दहा वर्षे काढली होती. पेटीला वीज असेपर्यंत घड्याळ चालत होते, मी तार दिवसभर काढून ठेवली आणि रात्री ताईंनी नव्या उत्साहाने भिंतीचे बटण बंद केले, तेव्हा तारीख कित्येक वर्षे मागे गेली. संकेतस्थळाचे प्रमाणपत्र त्या तारखेला अस्तित्वातच नव्हते. तारीख फोनवर सांगून दुरुस्त केली आणि संध्याकाळी जाऊन नवी सीआर२०३२ बॅटरी घातली. आता कोणतीही जुनी पेटी उघडली की मी आधी या बॅटरीचा व्होल्टेज मोजतो.

पेटी जमिनीवरून उचलून फूटभर उंच लाकडी स्टुलावर, देव्हाऱ्यापासून दूरच्या भिंतीला ठेवली. कापडी झाकण फक्त रात्री, संगणक बंद करून थंड झाल्यावर घालायचे ठरले. पुढच्या जाळीवर नायलॉनची बारीक जाळी लावली, आणि ती दर पंधरा दिवसांनी धुऊन पूर्ण वाळवून लावायची जबाबदारी भाच्याकडे दिली. न धुतलेली जाळी असण्यापेक्षा नसलेली बरी. पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशीही अर्धा तास संगणक चालू ठेवायला सांगितले, म्हणजे आतल्या उबेने ओलावा उडून जाईल. पेटी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवण्याची ताईंची सूचना मात्र मोडून काढावी लागली, कारण पिशवी आतला ओलावाही आतच ठेवते.

इतक्या जुन्या संगणकावर खर्च करावा का, हा प्रश्न रास्त होता. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार होता आणि हा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही. तरी चवथीच्या तीन आठवडे आधी जुनी श्रीलिपी, जुन्या कोरलच्या फाइली आणि ताईंच्या बोटांत बसलेला कळफलक नव्या यंत्रावर हलवणे हा शहाणपणा नव्हता. बँकेचे व्यवहार दुसरीकडे हलवून हा संगणक फक्त अक्षरजुळणीला ठेवावा असे ठरले, आणि चवथीची सगळी पुस्तके वेळेत छापून गेली.

दिवाळीनंतर, नोव्हेंबरमध्ये, ठरल्याप्रमाणे पेटी पुन्हा उघडली. तीच पीडीएफ, ६९ अंश. पात्यांवर नखाने ओढली तर रेघ उमटेल एवढीच भुकटी होती, तीही कोरडी. ब्रशने पाच मिनिटांत निघाली. मागच्या बाजूला मात्र, मॉनिटरच्या न वापरलेल्या जोडणीच्या तोंडात, कुंभारीण माशीने तांबड्या मातीचे नीटस घर बांधून बुजवले होते. ते लाकडी काडीने फोडून काढले आणि मागच्या सगळ्या रिकाम्या जोडण्यांवर रबरी टोप्या बसवल्या.